उतारावरचे सोळा रायवळ

लाकडाचा व्यापारी येऊन गेला त्याला दोन दिवस झाले होते. घरामागच्या उतारावर सोळा रायवळ आंबे आहेत. त्यांच्या बुंध्यांना सुतळीचा वेढा घालून त्याने घेर मोजले, वहीत टिपून घेतले आणि एक रक्कम सांगितली. काकांना ती कमी वाटली, पण धुडकावून लावण्याइतकी कमी नव्हती. सुट्टीला गावी आलेल्या पुतणीला मात्र सौदाच मान्य नव्हता.

गाव राजापूर तालुक्यातलं. माणसांची नावं सांगण्याचं कारण नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी ओट्यांवर हा वाद आज थोड्याफार फरकाने चालू आहे. काकांची हयात आंब्याच्या धंद्यात गेली. पुतणी पुण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. एकाला बाग चालवायची आहे, दुसरीला ती वाचवायची आहे, आणि दोघांनाही आपण एकच गोष्ट बोलतोय असं अधूनमधून वाटतं.

काकांनी हिशेबापासूनच सुरुवात केली. "सोळा झाडांनी किती जागा अडवलीय बघ. दहा बाय दहा मीटरवर लावली तर हेक्टरी शंभर कलमं बसतात. आता पाच बाय पाचवर लावतात, चारशे बसतात. छाटणी करून झाड हाताशी ठेवायचं आणि जमिनीवर उभं राहून आंबा उतरवायचा. हे रायवळ साठ-साठ फूट वर गेलेत. चढणारा गडी मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी आंब्यातून सुटत नाही. वाशीला रायवळची पेटी पाठवलीस तर भाडं अंगावर येईल."

"झेल्याने निघतील तेवढे काढा, बाकी पडलेले विका."

"पडका आंबा फुटतो गो. त्याला कॅनिंगवालाही हात लावत नाही."

पैशाचा मुद्दा पुतणीने खोडला नाही. तिने दुसराच प्रश्न टाकला. "तुमची हापूसची कलमं उभी कशावर आहेत?"

हा प्रश्न काकांना टाळता येण्यासारखा नव्हता, कारण घरची कलमं ते स्वतः बांधतात. जूनमध्ये रायवळच्या कोयी गादीवाफ्यावर रुजत घालायच्या. तांबूस पालवीचं कोवळं रोप दोन-तीन आठवड्यांचं झालं की ते कोयीसकट अलगद उचलायचं, सात-आठ सेंटिमीटरवर शेंडा छाटायचा आणि मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या चांगल्या झाडाची, डोळा फुगलेली तीन-चार महिन्यांची काडी दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवायची, प्लास्टिकची पट्टी आवळून बांधायची आणि रोप पिशवीत लावायचं. हे झालं कोय कलम. वरचा डोलारा हापूसचा, मुळं रायवळची. कोकणातला हापूस कोट्यवधी रुपयांची उलाढाल करतो तो या बिननावाच्या मुळांवर उभा राहून.

"खुंटाला कोय लागते, झाड नव्हे," काका म्हणाले. "कोयी पोत्याने विकत मिळतात."

"आणि पोतं कुठून भरतं? सगळ्यांनीच व्यापाऱ्याला बोलावलं तर?"

काकांनी सुपारी कातरायला घेतली. उत्तर लगेच सुचत नसलं की ते अडकित्ता काढतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

कलमाचं झाड मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं. देवगडपासून अलिबागपर्यंत पसरलेली हापूसची लाखो झाडं आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच झाड आहेत. कोयीतून उगवलेल्या रायवळचं तसं नसतं. आंब्याच्या मोहोरात परपरागीकरण होतं, त्यामुळे एकाच झाडाखालच्या दहा कोयी रुजवल्या तर दहा वेगवेगळे आंबे होतात. म्हणून तर रायवळला नाव जातीचं नसतं, झाडाचं असतं. शेपूचा वास येणारा तो शेपू, लांबट तो केळ्या, तांबूस तो शेंदऱ्या, खोबऱ्यासारखा लागणारा तो खोबऱ्या. अशी नावं गावोगाव सापडतात आणि दोन गावांतला शेपू एकच असेल याची खात्री नसते.

या घरात ती नावं काकूंना पाठ आहेत. त्या पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आल्या आणि वाद ऐकून म्हणाल्या, "तुम्ही दोघं झाडं मोजताय. वहाळाकडचा आहे तो लोणच्याचा, त्याची फोड वर्षभर मऊ पडत नाही. गोठ्यामागचा सासवाला. हापूसचं सासव करून बघा, नुसता लगदा होतो. आणि वरचे दोन आंबट, त्यांची आंबोशी घालते मी. बाकीच्यांचं काय ते तुम्ही बघा."

रायवळचं सासव, कोयाडं, खारातले आंबे, आंबोशी, साठं हे सगळे पदार्थ विशिष्ट झाडांशी बांधलेले असतात. सासवाला आंबा लहान, रेषाळ आणि गोड-आंबट हवा. तो सोलून कोयीसकट रसात सोडायचा आणि ताटात घेऊन चोखायचा. लोणच्याला कैरी घट्ट आणि आंबट हवी. हे ज्ञान कुठल्या वहीत नाही. ते काकूंच्या पिढीबरोबर संपायच्या बेतात आहे, आणि झाड गेलं तर ते जपून ठेवण्यातही अर्थ उरणार नाही.

"हापूस तरी आला कुठून?" पुतणीने धागा पुढे नेला. "पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात पाद्र्यांनी आंब्याच्या कलमांचा सपाटा लावला. त्यांनी कुठल्या तरी कोयीच्या झाडांतून चांगली झाडं निवडली आणि त्यांची कलमं केली. मानकुराद, मुसराद, हापूस ही त्या काळाची देणगी. लखनौजवळ काकोरीपाशी दशेरी नावाचं गाव आहे, तिथे दशहरीचं मूळ झाड दाखवतात. तेही कोयीचंच. उद्याचा हापूस तुमच्या उतारावर नसेल कशावरून?"

"आणि असला तर तो ओळखणार कोण? रत्ना दापोलीच्या विद्यापीठाने काढला, 1981 साली, नीलम आणि हापूसचा संकर करून. त्यात साका नाही. सिंधूची कोय पातळ, तोही विद्यापीठाचाच. संशोधन प्रयोगशाळेत होतं, माझ्या परसात नाही. मी काय उद्याच्या हापूसची वाट बघत कर्जाचे हप्ते थकवू?"

इथे काकांची बाजू भक्कम आहे. कोकणात आंबा हा एकेकाळी पोटापुरत्या शेतीचा जोडीदार होता. वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकायची, खाचरात भात, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत. 1990 साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली. खड्ड्यापासून कलमापर्यंतचा खर्च अनुदानातून मिळू लागला आणि ओसाड डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं; पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे त्यात येतात. ज्यांनी गाव सोडलं नाही, त्यांतल्या पुष्कळांना हापूसने धरून ठेवलं. रायवळने ते केलं असतं, असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

पण हापूसचे नखरेही काकांइतके कोणाला माहीत नाहीत. एक वर्ष झाड लगडतं, पुढच्या वर्षी रुसतं. ते दरवर्षी धरावं म्हणून पावसाळ्यात मुळाशी कल्टार द्यायचं. मोहोर फुटू लागला की तुडतुडा, भुरी, करपा आणि अलीकडे फुलकिडे. पालवीपासून फळापर्यंत पाच-सहा फवारण्या ठरलेल्या. थंडी लांबली की पुनर्मोहोर येतो आणि आधीची कणी गळते. एवढं सगळं निभावून आंबा कापला की आत पांढरट, स्पंजासारखा साका. सगळी झाडं एकाच रक्ताची असल्याने हवामान बिघडलं की सगळीकडे एकदमच बिघडतं.

"रायवळचा मोहोर पुढेमागे येतो," पुतणी म्हणाली. "एखादं झाड मार्चमध्ये पिकतं, एखादं पाऊस सुरू झाल्यावर. एका अवकाळी पावसाने सोळाच्या सोळा झाडं हातची जात नाहीत. शिवाय हापूसच्या बागेत परागीकरणासाठी थोडी झाडं दुसऱ्या जातीची ठेवावीत, असं तुमचे कृषी अधिकारीच सांगतात ना?"

"सांगतात. तेच अधिकारी आणखी एक सांगतात, ते तू विसरलीस. झाडाखाली पडलेला आंबा गोळा करून पुरून टाका. का? फळमाशी त्यात अंडी घालते. मी बागेत रक्षक सापळे टांगतो, आणि माझ्या कुंपणाला लागून सोळा झाडांचा सडा पडलेला. 2014 साली युरोपने आपला आंबा बंद केला तो फळमाशीमुळेच. मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, ऐन हंगामात."

हे खरं आहे. ती बंदी 2015 च्या जानेवारीत उठली, पण त्या हंगामात कोकणच्या निर्यातदारांना बसलेला फटका जुने बागायतदार विसरलेले नाहीत. न उतरवलेला, न उचललेला रायवळ शेजारच्या बागेला त्रासदायक ठरू शकतो. पुतणीने ते मान्य केलं. तिचं म्हणणं इतकंच की दोष झाडाचा नाही, आंबा न उचलण्याचा आहे. पूर्वी पडलेल्या आंब्यावर कोणाचीही मालकी नसायची. पहाटे पोरं पाट्या घेऊन झाडाखाली हजर व्हायची. आता गावात पोरंच कमी आहेत.

दुपार कलल्यावर दोघं उतारावर गेली. वहाळाकडच्या झाडाच्या खरबरीत सालीवर, हात पोचेल अशा उंचीवर सीतेच्या वेणीचं आमर चिकटलेलं होतं. जाड पट्ट्यांसारखी पानं, त्यांतून खाली लोंबणारा पांढऱ्या-जांभळट फुलांचा घोस आणि सालीच्या भेगांत हवेवर पोसलेली मुळं. पाच-सात वर्षांच्या तुकतुकीत कलमावर आमर सहसा असा स्थिरावत नाही. त्याला जुनी, भेगाळलेली, ओल धरणारी साल लागते.

वर एक ढोली होती. फांदी तुटून आतलं लाकूड कुजत जाऊन ती तयार झालेली.

"धनेशाला स्वतःची ढोली कोरता येत नाही," पुतणी म्हणाली. "तयार पोकळी लागते आणि ती मोठ्या, म्हाताऱ्या झाडातच मिळते. आंब्यात, बेहड्यात. मादी आत जाऊन बसते, फट सोडून बाकीचं तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. नराला काही झालं तर आतली सगळी उपाशी. तो उंबर-वडाची फळं खाऊन बिया रानभर टाकतो. पाच बाय पाचवर छाटून ठेवलेल्या कलमात त्याने घर कुठे करायचं?"

"ह्या ढोलीत धनेश आहे?"

"नाही. सध्या मैना आहे."

काका हसले. "मैनेसाठी मी सोळा झाडांवर पाणी सोडू! अगो, तुला धनेश दिसतो, मला वानर दिसतात. रायवळवरून उड्या मारत ते थेट कलमांवर येतात. एका सकाळीत डझनावारी आंबे चावून टाकतात. त्याची भरपाई किती मिळते आणि कधी मिळते, ते विचार एकदा."

या प्रश्नाला पुतणीकडे उत्तर नव्हतं. तिने मोहरा वळवला आणि सड्याकडे बोट दाखवलं. उताराच्या माथ्यावर जांभ्याचा कातळ आहे. शेजारच्या मालकाने तिथे सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमं लावली. हापूसला निचऱ्याची जमीन मानवते, म्हणून ही पद्धत कोकणात जुनीच. यंत्रं आल्यापासून तिचा वेग वाढला. सडा वरवर उजाड दिसतो. पावसाळ्यात त्याच कातळावरच्या डबक्यांत बेडकांची पैदास होते आणि श्रावण-भाद्रपदात तिथे तेरड्यापासून कीटकभक्षी वनस्पतींपर्यंत फुलांची झिम्मड उडते. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, जी 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

"आता बघा," ती म्हणाली. "खालच्या उतारावरचे रायवळ तोडायचे आणि वरचा सडा फोडायचा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हा उतार धरून कोण ठेवणार?"

"सड्याचं मला पटतं," काका अनपेक्षितपणे म्हणाले. "मी सडा फोडला नाही आणि फोडणारही नाही. त्या वरच्या कातळात मुरलेलं पाणी आपल्या विहिरीला येतं. पण मग मला नवी कलमं लावायला जागा खालीच लागणार ना? तू वर नको म्हणतेस आणि खालीही नको म्हणतेस."

हा पेच पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवा. झाडाचा फायदा सगळ्यांना, खर्च मात्र एका सातबाऱ्यावर.

पेच जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या दस्तऐवजात, आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याचं प्रकरण आहे. आंबा-फणसाचं लाकूड उपयोगाचं असलं तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं वाढवण्यामागे रयतेचे दीर्घ श्रम असतात, असं त्यात बजावलं आहे. पुतणीने अर्थातच त्याचा दाखला दिला. पण काकांनीही ते वाचलेलं होतं. "पुढचं वाच. झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं, असंही लिहिलंय. म्हणजे झाडाचा धनी कोण हे त्या काळीसुद्धा ठरलेलं होतं."

दोघांचंही बरोबर आहे. त्या हुकमात झाडाला संरक्षण आहे आणि मालकाला मोबदलाही. आजच्या कायद्यात पहिला भाग शाबूत आहे: महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस आणि जांभूळ आहेत, म्हणून खासगी जमिनीवरचा आंबाही परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाड राखणाऱ्याच्या हाती काही पडावं, ही तजवीज मात्र त्यात नाही.

ती करता येते. जर्मनीत गवताळ रानात विखरून लावलेल्या उंच, जुन्या फळझाडांच्या बागांची परंपरा 2021 साली तिथल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात अशा झाडांच्या छाटणीसाठी मालकाला सरकारी अनुदान मिळतं.

"जर्मनीत वानर आहेत का?" काकांनी विचारलं.

मग पुतणीने जवळचं उदाहरण काढलं. उत्तर कन्नडमधल्या शिरसी भागात नदी-ओहोळांच्या काठी वाढणारी अप्पेमिडी ही कोयीचीच आंब्याची झाडं. त्यांच्या कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं कर्नाटकात नावाजलेलं आहे. पूर्वी कैऱ्यांसाठी फांद्याच्या फांद्या तोडल्या जायच्या. पुढे तिथल्या शेतकऱ्यांनी चांगली झाडं हेरून त्यांची कलमं केली आणि आपल्या बागांत लावली. अप्पेमिडीला आज भौगोलिक मानांकन आहे. गोव्याच्या मानकुरादलाही ते 2023 साली मिळालं.

काकांचा अडकित्ता थांबला. "हा झाला धंदा. आंबा विकला जात असेल तर झाड मी कशाला तोडीन? तू मला धनेश सांगत होतीस, हे आधी सांगायचंस."

सौदा पूर्ण मोडला नाही, पण आक्रसला. गोठ्यावर कललेला एक आणि आतून पार पोखरलेले तीन, असे चार रायवळ परवानगी काढून विकायचे ठरले. त्यातही गोठ्यामागचा सासवाचा आंबा होता. त्याच्या काड्या आधी उतरवून घ्याव्यात, असा काकूंचा आग्रह, आणि तो दोघांनीही बिनबोभाट मान्य केला. उरलेल्या बारा झाडांखालचा पडका आंबा हंगामभर रोज उचलायचा, चांगल्याचं साठं घालायचं आणि खराब पुरायचा. मोकळ्या होणाऱ्या जागेत हापूसबरोबर लोणच्याच्या रायवळची कलमं लावायची. वानरांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

या तडजोडीत पुतणी हरली असं कोणाला वाटेल. पण कोकणातले रायवळ टिकले तर असेच टिकतील: ते वापरणाऱ्या माणसांच्या हिशेबात बसून. काकांचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यात मुळांची, मोहोराच्या मागेपुढे होण्याची आणि काकूंच्या बरण्यांची रक्कम धरलेली नव्हती. पुतणीच्या हिशेबात गड्याची मजुरी आणि फळमाशी नव्हती. आणि राहिलेला फरक, धनेशाच्या ढोलीचा आणि उताराच्या मातीचा, एका बागायतदाराने खिशातून भरावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. नवी बाग लावायला सरकार अनुदान देतं. जुनं झाड राखायलाही द्यावं, आणि सडा फोडून लावलेल्या बागेला देऊ नये.

तोवर वाचकांना करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. गावी जाल तेव्हा ती मागून बघा, आणि आपल्या वाडीतल्या रायवळांची गावातली नावं, जागा, पिकण्याचा काळ आणि त्यांचा घरात काय उपयोग होतो हे म्हाताऱ्या माणसांना विचारून तिच्यात लिहवून घ्या. एखादं झाड खरोखरच वेगळं असेल तर 2001 च्या कायद्याखाली शेतकऱ्याचं वाण म्हणून त्याची नोंदणी करता येते. दुसरी गोष्ट अधिक सोपी. झाड तोडायचं ठरलंच असेल तर व्यापाऱ्याला पावसाळ्यानंतरची तारीख द्या. कोय कलमं जून-जुलैत बांधली जातात, आणि काडी उभ्या झाडाचीच लागते.